लेझरमधून गुलाबी किरण निघतो का? आणि काळा?

झुंबर

दोन प्रश्न एकाच धाग्यात टाकतो, विषय जवळचेच आहेत.

एक: स्टेजच्या आरजीबी लेझरमधून फिकट गुलाबी मिळवायचा आहे. यंत्रावरच्या पट्टीवर असं छापलंय: तांबडा ६३८ नॅनोमीटर ७०० मिलिवॅट, हिरवा ५२० नॅनोमीटर १००० मिलिवॅट, निळा ४५० नॅनोमीटर १३०० मिलिवॅट. म्हणजे बोलायला '३ वॅट'. मॉड्युलेशन अ‍ॅनालॉग आहे (प्रत्येक रंग हवा तितका कमीजास्त करता येतो), इल्डा म्हणजे लेझर शोच्या नेहमीच्या केबलने लॅपटॉपवरून चालतं. सॉफ्टवेअरमध्ये २५५-१९२-२०३ (तांबडा-हिरवा-निळा, प्रत्येकी २५५ पैकी) हा गुलाबी दिला तर भिंतीवर निळसर पांढरा उमटतो. मंद करत नेला की रंग पालटत जातो आणि शेवटी नुसता तांबडा उरतो. दोष डायोडचा की सॉफ्टवेअरचा?

दोन: 'ब्लॅक लेझर' नावाने ऑनलाइन वस्तू दिसतात. काळा किरण ही काय भानगड आहे? भिंतीवर काळी आकृती लेझरने उमटवता येते का?

त्रिकोणी लोलक

डायोड ठीक आहेत. आधी रंगाचा हिशेब बघू.

एक लेझर म्हणजे व्यवहारात एकच तरंगलांबी. डायोड लेझरचा पसारा फार तर एक-दोन नॅनोमीटरचा. आपल्याला दिसणारा पट्टा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, आणि त्या पट्ट्यात कुठेही बोट ठेवलं तरी गुलाबी, राणी, तपकिरी, पांढरा, काळा यांतलं काहीच सापडत नाही. १९३१ चा सीआयई (प्रकाश आणि रंगाची आंतरराष्ट्रीय संस्था) रंगनकाशा उघडून बघा. त्याच्या वक्र कडेवर एकेका तरंगलांबीचे शुद्ध रंग आहेत. तळाशी जांभळा आणि तांबडा यांना जोडणारी जी सरळ रेघ आहे तिच्यावर एकही तरंगलांबी नाही. राणी त्या रेघेच्या आसपास बसतो, आणि गुलाबी तिथून पांढऱ्याच्या दिशेने आत सरकलेला. त्यामुळे एकट्या लेझरमधून गुलाबी निघणं शक्य नाही. तो डोळ्यात तयार होतो.

तांबडा आणि ४५० चा निळा एवढेच मिसळले तर नकाशावर त्यांना जोडणारी रेघ फार खालून जाते, पांढऱ्याच्या जवळ येतच नाही. म्हणून गडद राणीच मिळतो, निळा कितीही कमीजास्त करा. दोनच लेझरमध्ये गुलाबी काढायचा असेल तर ६३८ च्या जोडीला ४८८ नॅनोमीटरचा आकाशी-हिरवट घ्यावा लागतो. ती रेघ बरोबर गुलाबीवरून जाते. जुन्या आर्गॉन लेझरची ४८८ ची रेषा याच कामाची होती. आता ४८८ चे डायोड मिळतात, पण महाग आणि शक्ती कमी. तुमच्याकडे हिरवा आहेच, तेव्हा तिन्ही मिसळा.

बाकी 'अनवट पण शुद्ध' रंग एकट्या लेझरमधून मिळतात. हीलियम-निऑनच्या नळीतून नेहमीच्या ६३२.८ तांबड्याखेरीज ६१२ नारिंगी, ५९४ पिवळा, ५४३.५ हिरवा काढता येतो. क्रिप्टॉनची ५६८ नॅनोमीटरची पिवळी रेषा आहे. चिलीतल्या पारानालच्या व्हीएलटी दुर्बिणीवरून आकाशात सोडतात तो ५८९ नॅनोमीटरचा नारिंगी-पिवळा किरण, वातावरणात वर असलेल्या सोडियमच्या थराला चमकवण्यासाठी.

गॅल्व्हो मास्तर

लोलकरावांनी नकाशा दिला, मी वॅट देतो.

६३८, ५२० आणि ४५० या तीन तरंगलांब्यांतून दिवसाच्या उजेडासारखा पांढरा मिळवायला शक्तीचं प्रमाण साधारण २.५ : १.७ : १ लागतं. म्हणजे खरा ३ वॅटचा पांढरा हवा तर तांबडा १.४४, हिरवा ०.९९, निळा ०.५७ वॅट. बाजारातली बरीचशी स्वस्त यंत्रं बरोबर उलटी असतात, कारण निळ्या डायोडचा वॅट स्वस्त पडतो आणि तांबड्याचा महाग. पट्टीवर बेरीज मोठी दिसावी म्हणून निळा ठासून भरतात.

तुमच्या यंत्रात तांबडा ७०० मिलिवॅट हीच मर्यादा. त्याच्याशी जुळणारा पांढरा म्हणजे हिरवा सुमारे ४८० आणि निळा सुमारे २८० मिलिवॅट. बेरीज १.४६ वॅट. म्हणजे '३ वॅट'चं यंत्र पांढऱ्यापुरतं दीड वॅटचंही नाही.

आता गुलाबी, तांबडा पूर्ण ७०० धरून:

फिकट गुलाबी (तुमचा २५५-१९२-२०३): हिरवा ३४० मिलिवॅट, निळा २१० मिलिवॅट.
गडद गुलाबी (२५५-१०५-१८० च्या जवळचा): हिरवा १७० मिलिवॅट, निळा १९५ मिलिवॅट.
राणी: हिरवा शून्य, निळा १५० ते ३००, आवडीप्रमाणे.

तुमच्या निळ्याच्या १३०० मधले २१० म्हणजे जेमतेम १६ टक्के. सॉफ्टवेअर मात्र २०३ भागिले २५५ करून ८० टक्के व्होल्टेज पाठवतंय, म्हणजे ५ पैकी जवळपास ४ व्होल्ट. हिरव्यालाही ७५ टक्के. मग निळसर पांढरं नाही तर काय दिसणार! शिवाय स्क्रीनवरचा १९२ हा आकडा ७५ टक्के उजेडाचा नसतोच. गॅमामुळे (स्क्रीनचा आकडा आणि उजेड यांतलं वाकडं नातं) तो प्रत्यक्षात ५३ टक्के उजेड असतो, आणि २०३ म्हणजे ६० टक्के. लेझरच्या ड्रायव्हरला, म्हणजे डायोडला प्रवाह देणाऱ्या सर्किटला, गॅमा ठाऊक नाही.

एक गंमत बघा. गडद गुलाबीत हिरव्याची शक्ती तांबड्याच्या पाव आहे, पण उजेड दोघांचा जवळपास सारखा: तांबडा ९२ ल्यूमेन, हिरवा ८३. निळा फक्त ५. तरीही तो पाच ल्यूमेनचा निळा काढून टाकला तर गुलाबीचा नारिंगी होतो. उजेड हिरव्याकडून, रंग निळ्याकडून.

झुंबर

हे उलगडलं. पण मंद करताना शेवटी तांबडा उरतो त्याचं काय? टक्के बरोबर ठेवले तरी तो प्रकार राहणारच ना?

गॅल्व्हो मास्तर

राहणार. तो थ्रेशोल्डचा खेळ आहे. लेझर डायोड ठरावीक प्रवाहाच्या खाली लेझर म्हणून चालतच नाही, मिणमिणत्या एलईडीसारखा राहतो. समजा थ्रेशोल्ड २०० मिलिअँप आणि पूर्ण प्रवाह १२०० मिलिअँप. ड्रायव्हर शून्यापासून सरळ रेषेत चढत असेल तर पहिला सहावा हिस्सा फुकट जातो. तिन्ही डायोडचे थ्रेशोल्ड वेगळे, ड्रायव्हर वेगळे. ज्याचा डायोड सर्वांत कमी व्होल्टेजला पेटतो तो रंग शेवटपर्यंत टिकतो. तुमच्याकडे तो तांबडा आहे.

उपाय दोन टप्प्यांत.

आधी हार्डवेअर. बहुतेक अ‍ॅनालॉग ड्रायव्हरवर दोन छोटे प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे) असतात, एक गेनचा (सिग्नल किती पटीने वाढवायचा), एक बायसचा (सिग्नल शून्य असतानाचा प्रवाह). यंत्र वीस मिनिटं चालवून गरम होऊ द्या. रंगाचा सिग्नल शून्यावर ठेवून बायस हळूहळू वाढवा, ठिपका दिसू लागला की तिथून किंचित मागे या. शून्यावर ठिपका पूर्ण विझलेला असायला हवा, नाहीतर दोन आकृत्यांमधल्या कोऱ्या उडीतही रेघ दिसेल. मग पूर्ण सिग्नलवर गेन असा लावा की प्रवाह डायोडच्या कमाल मर्यादेच्या आत राहील. गेन आणि बायस एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात. यंत्राला वॉरंटी असेल तर सील तोडण्याआधी विचार करा. तसंही नुसत्या सॉफ्टवेअरने ऐंशी टक्के काम होतं.

मग सॉफ्टवेअर. एका वेळी एकच रंग चालू ठेवा, किरण स्थिर ठेवून थर्मल पॉवर मीटरवर घ्या आणि ०, १०, २० असं १०० टक्क्यांपर्यंत अकरा वाचनं लिहा. थर्मल मीटर सगळ्या रंगांना जवळपास सारखं वाचतो. फोटोडायोडवाला मीटर असेल तर प्रत्येक रंगाला तरंगलांबी बदलून द्यावी लागते, नाहीतर निळ्याचा आकडा साफ चुकतो. हे आकडे कलर कर्व्हमध्ये भरा म्हणजे ५० टक्के मागितले की ५० टक्केच शक्ती येईल. शेवटी कमाल मर्यादा ७००, ४८०, २८० वर बांधा. पांढरा जुळला की गुलाबी आपोआप जुळतो.

डोळ्याने पांढरा लावत बसू नका. अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटं गुलाबीकडे पाहिलं की डोळा त्यालाच पांढरा मानू लागतो. आणि मोबाइलच्या फोटोवरून तर अजिबात नाही. ४५० चा निळा कॅमेऱ्यात जांभळा दिसतो आणि ठिपक्याचा मध्य जळून पांढरा होतो.

डायक्रोइक

कर्व्ह लावण्याआधी तिन्ही किरण एकावर एक आहेत का ते बघा. पांढऱ्यात थोडी चूक खपते, गुलाबीत लगेच एका कडेला तांबडी आणि दुसऱ्या कडेला निळी झालर दिसते. अर्ध्या मिलिरेडियनची चूक २० मीटरवर १० मिलिमीटर होते.

नेहमीची मांडणी अशी: एक रंग सरळ जातो, बाकीचे दोन ४५ अंशांतल्या डायक्रोइक (एक रंग वळवून बाकीचे आरपार सोडणाऱ्या) आरशांवरून वळून त्याला मिळतात. प्रत्येक वळणाऱ्या किरणाला दोन गोष्टी जुळवायच्या असतात, जागा आणि कोन. जागा जवळ तपासा, म्हणजे शेवटच्या आरशापाशी कागद धरून. कोन लांब तपासा, कमीत कमी १० मीटरवर. जवळ चुकलं तर किरणाच्या वाटेवरचा आधीचा आरसा हलवा, लांब चुकलं तर डायक्रोइकचा स्क्रू. एक केलं की दुसरं थोडं हलतं. जवळ-लांब-जवळ-लांब करत फरक आटत जातो. आरसा जितका फिरवाल त्याच्या दुप्पट किरण फिरतो, म्हणून स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका. सगळं सर्वांत कमी शक्तीवर, बायसच्या जरा वर.

जुळवून झालं तरी तांबडी झालर उरली तर तो जुळणीचा दोष नाही. जास्त शक्तीच्या तांबड्या मल्टिमोड डायोडचा किरण एका दिशेने जाड असतो आणि जास्त फाकतो. एक मिलिरेडियन फाकणारा किरण ५० मीटरवर ५० मिलिमीटर वाढतो. निळा त्याच्या निम्मा फाकत असेल तर गुलाबी ठिपक्याच्या बाहेर तांबडी किनार राहणारच. त्यावर इलाज लेन्सचा, स्क्रूचा नाही.

दुसरा मुद्दा उन्हाळ्याचा. तांबडा डायोड उष्णतेला फार हळवा असतो. गरम झाला की त्याची शक्ती उतरते आणि तरंगलांबी अंशामागे सुमारे ०.२ नॅनोमीटर वर सरकते. २० अंश चढले तर ६३८ चा ६४२ होतो. या भागात डोळ्याची संवेदनशीलता नॅनोमीटरमागे ४ टक्क्यांच्या आसपास घसरते, म्हणजे मीटर तीच शक्ती दाखवत असला तरी उजेड १५-१६ टक्के कमी. निळा आणि हिरवा मात्र जवळपास जागच्या जागी. मे महिन्यात उघड्या मैदानात संध्याकाळी लावलेला गुलाबी तासाभरात जांभळट होतो तो यामुळे. पंख्याची जाळी साफ ठेवा, आणि शक्य असेल तर तांबड्याखाली थंड करणारी पेल्टिए प्लेट असलेलंच यंत्र घ्या.

साधाप्रश्न

टीटीएल मॉड्युलेशनवालं छोटं यंत्र आहे. त्यात हे काही चालेल?

गॅल्व्हो मास्तर

टीटीएल म्हणजे प्रत्येक रंग चालू किंवा बंद. तीन रंगांचे सात संयोग: तांबडा, हिरवा, निळा, पिवळा, आकाशी, राणी, पांढरा. फिकट गुलाबी त्यात नाही. वेगाने चालू-बंद करून मधल्या छटा काढता येतात, पण ३० हजार पॉइंट (आरसे किरण ज्या ठिपक्यांवरून नेतात ते) प्रतिसेकंद वेगात एक पॉइंट ३३ मायक्रोसेकंदांचा असतो. एक किलोहर्ट्झने लुकलुकवलं तर रेघेचे रंगीत तुकडे दिसतात. एकाआड एक फ्रेम तांबडी आणि पांढरी दाखवणं हा जुना जुगाड आहे. लहान आकृतीत चालतो, मोठ्या आकृतीत डोळ्यांना त्रास होतो.

'पिंक लेझर पॉइंटर' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा गुलाबी नळीतलं ६५० नॅनोमीटरचं तांबडं असतं, किंवा ४०५ चा जांभळा. ४०५ पांढऱ्या कागदावर फिकट निळा दिसतो ती कागदातल्या फ्लोरोसंट चकाकीची करामत.

त्रिकोणी लोलक

आता काळ्याकडे वळू. काळा हा प्रकाशाचा रंग नाही. जिथून डोळ्यात आजूबाजूच्या मानाने फारच कमी प्रकाश येतो ती जागा काळी दिसते. तेव्हा काळा किरण सोडणारं यंत्र असू शकत नाही. 'ब्लॅक लेझर' म्हणून विकतात त्या वस्तू म्हणजे काळ्या नळीतले पॉइंटर, नाहीतर ब्लॅकलाइट या अर्थाने ४०५ किंवा अतिनील.

तपकिरीचंही तसंच. तपकिरी म्हणजे उजळ परिसरातला मंद नारिंगी. अंधाऱ्या सभागृहात लेझरने तपकिरी मागितला तर मंद नारिंगीच मिळतो. भोवती उजळ पांढरी चौकट काढली की तोच नारिंगी तपकिरी दिसू लागतो. करून बघण्यासारखं आहे.

झुंबर

पण दोन लेझर एकमेकांवर पाडून काळे पट्टे येतात ना? उजेड अधिक उजेड बरोबर अंधार. मग नुसता अंधाराचा भाग वेगळा काढून 'काळा किरण' का नाही करता येत?

त्रिकोणी लोलक

काळ्या पट्ट्यातली ऊर्जा नाहीशी होत नाही, शेजारच्या उजळ पट्ट्यात जाते. अंधार एकटा उचलता येत नाही, त्याच्याभोवती उजेड लागतोच. त्यातल्या त्यात जवळचा प्रकार म्हणजे मधोमध शून्य असलेला वलयाकार किरण. सर्पिल फेज प्लेटमधून (प्रकाशलहरींना गोलाकार पुढे-मागे सरकवणाऱ्या काचेतून) किरण गेला की त्याच्या मध्यावर प्रकाश एकमेकांना खोडतो आणि कडं उरतं. स्टेड सूक्ष्मदर्शकात (प्रकाशाच्या नेहमीच्या मर्यादेहून बारीक बघणाऱ्या) हीच काळी मधली जागा कामाला येते. त्या तंत्रासाठी स्टेफान हेल यांना २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आणि 'अँटीलेझर' असं बातम्यांत येऊन गेलं ते वेगळं. येल विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये गणित मांडलं आणि २०११ मध्ये सिलिकॉनच्या पातळ चकतीवर दाखवलं. दोन्ही बाजूंनी नेमक्या फेजमध्ये लेझर सोडला तर जवळच्या अवरक्तातला ९९.४ टक्के प्रकाश चकतीत जिरतो. तो काळा किरण नव्हे. एका विशिष्ट तरंगलांबीसाठी चकती जवळपास पूर्ण काळी होते, एवढंच.

गॅल्व्हो मास्तर

भिंतीवरच्या काळ्याचा व्यवहार सांगतो. लेझर शोमध्ये काळा म्हणजे ब्लँकिंग. आरसे एका रेघेच्या टोकापासून दुसरीच्या सुरुवातीला उडी मारतात तेवढ्यात किरण बंद ठेवायचा. गॅल्व्होचे (किरण फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे) आरसे जड, रंगाचा सिग्नल चपळ. आरसा सिग्नलच्या मागे राहतो, म्हणून रंगालाही तेवढाच उशीर द्यावा लागतो. उशीर २०० मायक्रोसेकंद असेल तर ३० हजारच्या वेगाला तो ६ पॉइंट. कलर शिफ्ट म्हणून सेटिंग असतं. रेघेची सुरुवात कापलेली आणि शेवटी शेपूट दिसत असेल तर एका दिशेला सरकवा, उलट असेल तर दुसऱ्या. वेग बदलला की पॉइंटचा आकडाही बदलतो, हे लोक विसरतात. उडीच्या दोन्ही टोकांना तीन-चार जादा पॉइंट द्या म्हणजे आरसा स्थिरावतो.

काळी आकृती हवी असेल तर भोवतालचा भाग गुलाबीने भरून मधली आकृती कोरी सोडायची. इथे दोन अडचणी. सेकंदाला ३० हजार पॉइंट, २५ फ्रेम धरल्या तर फ्रेममागे १२०० पॉइंट. तेवढ्यात भिंत भरत नाही, विरळ रेघा दिसतात. आणि काळा तितकाच काळा, जितकी भिंत आधीच अंधारात आहे. भिंतीवर दिव्यांचा २० लक्स उजेड आणि त्यावर लेझरने २०० लक्स टाकला तर फरक ११ ला १. राखाडी दिसेल. सभागृहातले एक्झिटचे दिवे सोडून बाकी सगळं बंद करा, भिंतीपेक्षा काळा कपडा लावा. भरीव पार्श्वभूमीच हवी असेल तर सरळ साधा प्रोजेक्टर वापरा, लेझरच्या वाटेला जाऊ नका.

खोदकाम

तुम्ही सगळे किरणाचं बोलताय. धातूवर लेझरने काळाही पाडता येतो आणि गुलाबीही, रोजचं काम आहे ते. किरण मात्र १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही.

स्टेनलेसवर काळा: २० वॅटचा मोपा (पल्सची लांबी बदलता येणारा) फायबर लेझर, १६० मिमी फोकसची लेन्स, म्हणजे ११० बाय ११० मिमी क्षेत्र. ३०४ जातीच्या स्टेनलेस पत्र्याला सुरुवातीचे आकडे असे. पल्स २०० नॅनोसेकंद, ५० किलोहर्ट्झ, शक्ती ६० टक्के, वेग २०० मिमी प्रतिसेकंद, हॅच (दोन रेघांमधलं अंतर) ०.०१ मिमी, फोकस दीड-दोन मिमी वर उचललेला. उद्देश धातू उडवणं नव्हे, तापवून ऑक्साइडचा थर वाढवणं. नखाने चाचपलं तर खाच लागता कामा नये. लागली तर फोकस आणखी उचला नाहीतर शक्ती कमी करा. काम संथ आहे: २०० गुणिले ०.०१ म्हणजे सेकंदाला २ चौरस मिमी. २० बाय २० मिमीच्या लोगोला ३ मिनिटं २० सेकंद. दर ठरवताना हे धरा.

अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमवर काळा (अ‍ॅनोडाइज्ड म्हणजे ऑक्साइडचा थर चढवलेलं): इथे उलटं, पल्स फार छोटी लागते. ४ ते ६ नॅनोसेकंद, ३०० किलोहर्ट्झच्या आसपास, शक्ती ३० ते ४० टक्के, वेग ३०० मिमी प्रतिसेकंद, हॅच ०.००५. थरात इतकी बारीक रचना तयार होते की प्रकाश आत अडकतो. शंभर नॅनोसेकंदांच्या वरची पल्स दिली तर रंग उडून पांढरं होतं. साध्या क्यू-स्विच फायबर लेझरने म्हणूनच हा काळा येत नाही, त्याची पल्स बदलता येत नाही. थर १० मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर करडं येतं, मग यंत्राला दोष देऊ नका. बिनथराच्या अ‍ॅल्युमिनियमवर हे आकडे चालत नाहीत.

याचंच टोक म्हणजे रोचेस्टर विद्यापीठातलं 'काळं धातू', २००६ चं. फेम्टोसेकंद लेझरने पृष्ठभाग इतका खडबडीत केला की चकचकीत धातू कोळशासारखा झाला.

साधाप्रश्न

आणि स्टीलवर गुलाबी?

खोदकाम

येतो, पण त्रास देतो. तिथे रंगद्रव्य नसतं, ऑक्साइडच्या पारदर्शक थराच्या जाडीवर रंग ठरतो. हवेत तापवलेल्या स्टेनलेसचा क्रम बघा: २९० अंशांना फिकट पिवळा, ३९० ला तपकिरी, ४२० ला जांभळट तपकिरी, ५४० ला निळा. लेझरखाली वेळ इतका कमी की हे अंश तसेच लागू पडत नाहीत, पण क्रम तोच. स्वच्छ गुलाबी दुसऱ्या फेरीत येतो, निळ्यानंतर थर आणखी जाड झाल्यावर, आणि त्याची खिडकी अगदी अरुंद असते.

म्हणून आधी चाचणीचा तक्ता छापा. आडवा वेग १०० ते १००० मिमी, उभी वारंवारता १०० ते ५०० किलोहर्ट्झ, प्रत्येक चौकट ५ बाय ५ मिमी. तक्ता त्याच पत्र्यावर, त्याच जाडीवर. अर्ध्या मिमीच्या पत्र्यात उष्णता साचते आणि २ मिमीच्या पत्र्यात पसरून जाते, त्यामुळे तेच सेटिंग एकावर गुलाबी आणि दुसऱ्यावर पिवळं देतं. ५ मिमीच्या चौकटीत आलेला गुलाबी ५० मिमीच्या चौकोनात बिघडतो तोही यामुळेच. रेघ लांब झाली की परत त्या जागी यायला वेळ लागतो आणि मधे धातू थंड होतो. मोठा भाग ५ मिमीच्या पट्ट्यांत तोडून करा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोटाचा ठसा रंगात कायमचा उमटतो. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा की तिरकं पाहिलं की रंग बदलणार.

डायक्रोइक

गंजाचं काय? दवाखान्याच्या उपकरणांवर काळा मार्क केला आणि महिन्यात तांबूस झाला, अशा तक्रारी नेहमीच्या आहेत.

खोदकाम

कारण तेच, उष्णता. तापलेल्या थराखालचा क्रोमियम कमी होतो आणि स्टेनलेसचं 'स्टेनलेस'पण तेवढ्या जागेपुरतं जातं. काळं जितकं गडद तितका धोका जास्त. गडदपणावर थोडं पाणी सोडा. एका जोरदार फेरीऐवजी कमी शक्तीच्या दोन-तीन फेऱ्या द्या. मार्क केल्यावर नायट्रिक अ‍ॅसिडने पॅसिव्हेशन (गंजरोधक थर परत आणणं) केलं तर काळा उडतो, सायट्रिक त्या मानाने सौम्य, तरी फिका पडतोच. म्हणून क्रम ठरवताना एक नमुना संपूर्ण प्रक्रियेतून काढून बघा: मार्क, पॅसिव्हेशन, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणं), आणि मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस २४ तास मार्कवर. रत्नागिरी-मालवणकडे बोटीवर जाणारा माल असेल तर ३०४ घेऊच नका, ३१६ घ्या.

त्रिकोणी लोलक

अवांतर: लेझरने काळा पाडणारं सर्वांत ओळखीचं यंत्र ऑफिसात पडलेलं असतं. लेझर प्रिंटर. त्यात साधारण ७८० नॅनोमीटरचा अवरक्त डायोड. ड्रमवर उणे ६०० व्होल्टच्या आसपास भार, लेझर पडतो तिथे तो उणे १०० पर्यंत उतरतो, आणि ऋणभारित टोनर नेमका तिथे चिकटतो. म्हणजे जिथे प्रकाश पडला तिथे काळं. रंगीत प्रिंटरमध्ये किरमिजी टोनरचे विरळ ठिपके टाकून गुलाबी छापतात, तोही तशाच अदृश्य लेझरने.

डायक्रोइक

झुंबर, एक सुरक्षेचं. गडद गुलाबीत ७०० तांबडा, १७० हिरवा, १९५ निळा म्हणजे १ वॅटहून जास्त शक्ती आहे, पण उजेड जेमतेम १८० ल्यूमेन. तेवढीच शक्ती ५२० च्या हिरव्यात असती तर ५०० ल्यूमेनच्या वर दिसली असती. गुलाबी मंद वाटतो म्हणून लोक त्याच्याकडे जास्त वेळ बघतात, आणि निळा तर दिसतच नाही म्हणावं इतका कमी. पापणी मिटेपर्यंतच्या पाव सेकंदात बाहुलीतून १ मिलिवॅटपर्यंत चालतं, हे त्याच्या हजारपट आहे. प्रेक्षकांच्या डोक्यावरून किमान ३ मीटर वर किरण ठेवा, आणि आरसे अडकले तर किरण तोडणारं सर्किट चालू असल्याची खात्री करा. २०२४ मध्ये पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर बीमवर पोलिसांनी बंदी घातली होती. बाहेर लावायचं असेल तर त्या त्या शहराचा चालू आदेश आधी बघून घ्या.

झुंबर

मर्यादा ७००-४८०-२८० वर बांधल्यावर भिंतीवर गुलाबी आला. हवेत, धुरातून बघितला की मात्र जरा थंड, जांभळट वाटतो. भिंतीवर तोच ठीक आहे.

गॅल्व्हो मास्तर

धूर कोणता? कण तरंगलांबीपेक्षा खूप बारीक असतील तर ते निळा जास्त उधळतात. टोकाच्या हिशेबात ४५० चा निळा ६३८ च्या तांबड्यापेक्षा चौपट. हेझरच्या (पातळ धुकं सोडणाऱ्या यंत्राच्या) द्रवाचे थेंब त्याहून मोठे असतात, तिथे फरक बराच कमी होतो. धूर नुकताच सोडलाय की विरून पातळ झालाय यावरही रंग थोडा हलतो, आणि समोरून बघणाऱ्याला व बाजूने बघणाऱ्याला सारखा दिसत नाही.

हवेतल्या किरणांसाठी वेगळी पॅलेट ठेवा. निळा २१० वरून १६०-१७० पर्यंत उतरवा, हिरवा आहे तसा राहू द्या. हेझर शोच्या अर्धा तास आधी सुरू करा, म्हणजे धूर सारखा पसरलेला असेल, आणि पॅलेट मधल्या रांगेत बसून लावा, यंत्रापाशी उभं राहून नाही.